पीसीएम५१०२ए डॅक बोर्ड : इंदूरच्या टेबलावरच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

पीसीएम५१०२ए ही डॅक चिप, म्हणजे डिजिटल डेटाचे अनालॉग आवाजाच्या सिग्नलात रूपांतर करणारी. तिचे जांभळे बोर्ड दोन मागवले; आवाज किती स्वच्छ करता येतो ते पाहायचे. एकावर काम करायचे, दुसरे जसे आले तसे तुलनेला राखून ठेवायचे. तुलनेला काही नसले की केलेला प्रत्येक बदल चांगलाच वाटायला लागतो, म्हणून हा जादा खर्च. दोन्ही मिळून सातशे रुपयांच्या आत. साखळी अशी: गाणी साठवलेला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), त्यातून आय-टू-एस (चिपांमध्ये डिजिटल ऑडिओ नेण्याची पद्धत) तारांनी डॅक बोर्ड, आणि पुढे तीन पिनांच्या प्लगचा जुना अँप्लिफायर.

चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. डेटाशीटप्रमाणे सिग्नल-टू-नॉइज ११२ डेसिबल, विकृती आणि नॉइज मिळून −९३ डेसिबल, पूर्ण पातळीला आउटपुट २.१ व्होल्ट आरएमएस. चिप चालते ३.३ व्होल्टवर, तरी एवढे आउटपुट देते, कारण आतला चार्ज पंप स्वतःच उणे व्होल्टेज तयार करतो. त्यामुळे आउटपुट शून्य व्होल्टाभोवती फिरते आणि डीसी अडवणाऱ्या कपलिंग कॅपॅसिटरची गरज उरत नाही. बोर्डावर ऑप-अँपही (सिग्नल वाढवणारी वेगळी चिप) नाही. म्हणजे कपलिंग कॅपॅसिटर महागातले लावा, ऑप-अँप बदला, हे नेहमीचे दोन्ही उपाय इथे लागूच होत नाहीत. उरतात वीज, ग्राउंड, तारा आणि आउटपुटची पातळी. हात तिथेच घालायचा.

१७ नोव्हेंबर

वीज देण्याआधी बोर्डाची पाठ भिंगाखाली पाहिली. मागे सोल्डरने जोडायच्या पट्ट्यांचे चार संच आहेत. १ म्हणजे एफएलटी (फिल्टर), २ म्हणजे डीईएमपी (डी-एम्फसिस), ३ म्हणजे एक्सएसएमटी (म्यूट), ४ म्हणजे एफएमटी (डेटाची पद्धत). प्रत्येकाला एच (हाय) आणि एल (लो) अशी दोन टोके, मधली पट्टी त्यातल्या एकीला जोडायची. हवी ती मांडणी: १ एलकडे, २ एलकडे, ३ एचकडे, ४ एलकडे. आमच्या एका बोर्डावर चारही उघड्या होत्या, दुसऱ्यावर जोडलेल्या. एकाच पाकिटातून आलेले बोर्ड, तरी हा फरक, म्हणून प्रत्येक बोर्ड स्वतंत्र तपासावा.

यात सगळ्यात जास्त नडते ती तिसरी. एक्सएसएमटी खाली राहिली तर चिप म्यूटमध्येच बसते. सगळे बरोबर जोडलेले असूनही आवाज शून्य. 'बोर्ड मेलेला आला' म्हणून परत पाठवलेल्यांपैकी बरेच बोर्ड असेच असावेत. चौथी चुकीची असेल तर आय-टू-एसऐवजी लेफ्ट-जस्टिफाइड पद्धतीने डेटा वाचला जातो आणि आवाज फाटका, विकृत येतो.

पुढच्या बाजूला एससीके नावाची, मास्टर क्लॉकची, आणखी एक जोडायची जागा आहे. रास्पबेरी पाय मास्टर क्लॉक देत नाही, म्हणून एससीके ग्राउंडला जोडायची. ती खाली स्थिर राहिली की चिपच्या आतले पीएलएल हे सर्किट पायकडून येणाऱ्या बिट क्लॉकवरून स्वतःचा क्लॉक बनवते. मोकळी सोडली तर शेजारच्या तारेतला गोंधळ तिथे क्लॉक म्हणून वाचला जातो आणि मधेच खरखर, मधेच शांतता असा खेळ सुरू होतो. बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री, ०.५ मिलिमीटरची सोल्डर तार, थोडा फ्लक्स. एका जोडणीला दोन सेकंद पुरतात. नंतर मल्टिमीटरने प्रत्येक पट्टी कंटिन्युइटीवर तपासली.

२३ नोव्हेंबर

आधी मोजमाप. २४ बिटांचे बाहेरचे यूएसबी साउंड कार्ड, त्याचे लाइन-इन, आणि लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे ध्वनी मोजणारे मोफत सॉफ्टवेअर. कार्डाचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून आधी कार्डाची स्वतःची मर्यादा पाहून ठेवली, कारण त्याखालचे काही दिसले तर ते बोर्डाचे आहे की कार्डाचे हे सांगता येत नाही. आमच्या कार्डाची एकूण विकृती चिपच्या डेटाशीटपेक्षा थोडी वाईटच आहे. म्हणजे विकृतीचा आकडा सुधारला असा दावा या टेबलावरून करता येणार नाही. हम (विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण) आणि वीजपुरवठ्याच्या रेघा मात्र स्पेक्ट्रमवर स्वच्छ दिसतात, आणि आपल्याला त्याच पाहायच्या आहेत.

२.१ व्होल्ट सरळ दिले तर कार्डाचे इनपुट कापते. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून निम्मे केले.

शांततेचे मोजमाप करताना एक सापळा आहे. या चिपला दोन्ही चॅनेलवर सलग १०२४ सँपल शून्य डेटा दिसला की ती अनालॉग आउटपुट पूर्ण म्यूट करते. ४८ किलोहर्ट्झला हे सुमारे २१ मिलिसेकंदांतच होते. म्हणून कोरी शांत फाइल वाजवून नॉइज मोजला तर आकडा विलक्षण सुंदर येतो, आणि तो म्यूट झालेल्या चिपचा असतो. −६० डेसिबलचा १ किलोहर्ट्झ सूर वाजवून त्याच्या आजूबाजूचा मजला (नॉइजची तळाची पातळी) पाहावा. इंटरनेटवर मिरवणारे काही आलेख या कसोटीवर टिकणार नाहीत.

दुसरी गोष्ट: लॅपटॉप बॅटरीवर ठेवला तर बोर्डाचा स्वतःचा नॉइज नीट दिसतो, पण सगळी साखळी जोडल्यावर येणारा हम दिसणार नाही, कारण त्या प्रवाहाला परतीची वाटच नसते. म्हणून दोन मोजमापे. एक फक्त बोर्डाचे. दुसरे अँप्लिफायर चालू ठेवून, त्याच्या इनपुटपाशी टी-जोड लावून, लॅपटॉप बॅटरीवर.

मोबाइलच्या चार्जरवर पाय, पायच्या ५ व्होल्टवर बोर्ड, अशा जशाच्या तशा मांडणीचे निकाल: −६० च्या सुराभोवती गवत उगवल्यासारख्या रेघा, वायफायवरून फाइल सरकवताना त्या वरखाली होतात. अँप्लिफायरपाशी ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींच्या रेघा वेगळ्याच, बोर्डाच्या एकट्या मोजमापात नसलेल्या. दोन आजार आहेत, औषधेही दोन लागणार.

२४ नोव्हेंबर

महारानी रोडवरून सामान: ०–९ व्होल्ट ५०० मिलिअँपियर ट्रान्स्फॉर्मर, एलएम३१७ व्होल्टेज रेग्युलेटर, १एन४००७ चे सहा डायोड, २२०० मायक्रोफॅरड, १०० मायक्रोफॅरड, १० मायक्रोफॅरड, एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर. दुकानदार २२०० मायक्रोफॅरडला १६ व्होल्टचा कॅपॅसिटर पुढे करतो. घेऊ नये. हिशेब असा: ९ व्होल्ट आरएमएसचे शिखर १२.७, ब्रिजचे दोन डायोड वजा करून ११.३. कागदावर १६ पुरतो. पण असल्या छोट्या ट्रान्स्फॉर्मरचे व्होल्टेज हलक्या भारावर २० ते २५ टक्के जास्त असते, कारण ९ व्होल्ट हे पूर्ण भारावरचे असतात. रात्री लाइन २५० च्या जवळ गेली तर ते आणखी वाढते. दोन्ही धरले तर १६ व्होल्टच्या अगदी कडेला पोचतो. २५ व्होल्टचाच घ्यावा, फरक दोन-चार रुपयांचा.

जोडणी: चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड, एलएम३१७. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनांमध्ये २४० ओहम, अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला ६८० आणि ३९ ओहम सरीत (एकापुढे एक), म्हणजे ७१९. १.२५ गुणिले (१ + ७१९/२४०), ५ व्होल्ट. अ‍ॅडजस्ट पिनेवर ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. या एका कॅपॅसिटरने १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) साधारण १५ डेसिबलने आणखी दबतो, आणि बहुतेक तयार मॉड्यूलवर तोच नेमका नसतो. तो लावला की दोन डायोड लावावेतच: एक अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे, एक आउटपुटकडून इनपुटकडे, पट्टीचे टोक नंतर लिहिलेल्या पिनेकडे. नाहीतर आउटपुट शॉर्ट झाले की कॅपॅसिटरमधला साठा आयसीतूनच वाट काढतो. आउटपुटला १०० मायक्रोफॅरड.

बोर्ड ४० मिलिअँपियरच्या आत घेतो. त्या भारावर २२०० मायक्रोफॅरडवरचा रिपल ०.२ व्होल्टपेक्षा कमी, रेग्युलेटरवर पाव ते अर्धा वॅट उष्णता. हीटसिंक नको. पण एलएम३१७ ची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते, ग्राउंडला नाही. ती पेटीच्या पत्र्याला टेकली तर ५ व्होल्ट शॉर्ट.

३० नोव्हेंबर

बोर्ड नव्या सप्लायवर. पायकडून येणारी ५ व्होल्टची तार काढून टाकली; पायकडून आता फक्त तीन सिग्नल आणि ग्राउंड. भार लावून ४.९८ व्होल्ट, बाजूच्या हेडरवरच्या ए३व्ही३ (अनालॉग ३.३ व्होल्ट) पिनेवर ३.३०.

−६० च्या सुराभोवतीचे गवत गेले. वायफायवर मोठी फाइल सरकवली तरी मजला हलत नाही, आणि तो आता कार्डाच्या स्वतःच्या मजल्याइतका खाली आहे. राखून ठेवलेल्या बोर्डाशी फरक डोळ्यांना लगेच दिसतो. सगळ्या प्रकल्पात खर्चाच्या मानाने मोठी सुधारणा हीच.

अँप्लिफायरपाशी मात्र ५० हर्ट्झची रेघ जागची हलली नाही. हलायचे कारणही नव्हते. बोर्डाची वीज वेगळी झाली तरी आय-टू-एसच्या ग्राउंड तारेने पाय आणि पायचा चार्जर साखळीला जोडलेलेच आहेत.

वेगळ्या सप्लायबरोबर एक धोका येतो. पाय चालू आणि बोर्ड बंद अशी स्थिती आली तर पायच्या ३.३ व्होल्टच्या पिना चिपच्या इनपुटमधल्या संरक्षक डायोडमधून बोर्डाला वीज ढकलू लागतात. इनपुट चिपच्या व्होल्टेजपेक्षा फारसे वर जाता कामा नये. म्हणून दोन्हींना एकच स्विच. चालू करताना लिनियर सप्लाय क्षणात वर येतो आणि पायला बूट व्हायला वेळ लागतो, त्यामुळे क्रम आपोआप बरोबर. बंद करताना २२०० मायक्रोफॅरड ४० मिलिअँपियरला साधारण पाव सेकंद तग धरतो. तेवढे पुरते.

१ डिसेंबर

तारा. बिट क्लॉक पायच्या १२ क्रमांकाच्या पिनेवरून, शब्द क्लॉक ३५ वरून, डेटा ४० वरून. ४४.१ किलोहर्ट्झला ६४ पटीने बिट क्लॉक २.८२२४ मेगाहर्ट्झ होतो. हा आकडा फार मोठा नाही, पण त्याच्या कडा झटक्याच्या असतात. २० सेंटीमीटरच्या रंगीत जंपर तारांवर त्या कडा झोके घेतात, आणि या तारांची टोके महिन्याभरात सैल होऊन कडकड सुरू होते, ती वेगळी. तारा ७ सेंटीमीटरच्या कापून सरळ सोल्डर केल्या. प्रत्येक सिग्नल तारेला स्वतःची ग्राउंड तार, पीळ देऊन. पायच्या टोकाला प्रत्येकी ४७ ओहम सरीत. रेझिस्टर बोर्डाच्या टोकाला लावला तर उपयोग नाही, तो सिग्नल निघतो तिथेच हवा.

सॉफ्टवेअरमध्ये हायफायबेरी डॅकचा ओव्हरले (बोर्ड ओळखवणारी मांडणी) चालू करायचा, पायचा स्वतःचा ऑडिओ बंद. नव्या सिस्टिममध्ये कॉन्फिग फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते, जुन्या लेखांत दिलेल्या जागी नाही. एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामचे आउटपुट थेट हार्डवेअरला दिले, मधला मिक्सर नको, नाहीतर ४४.१ ची प्रत्येक फाइल गुपचूप ४८ ला बदलली जाते. सॉफ्टवेअर व्हॉल्यूम बंद.

पायचा क्लॉक शुद्ध नाही हे खरेच. ४४.१ च्या पटी त्याच्या मूळ क्लॉकला पूर्णांकाने भागून मिळत नाहीत, म्हणून तो दोन भागाकारांमध्ये उड्या मारून सरासरी साधतो. चिपचा पीएलएल त्यातले बरेच गाळतो. ज्यांना तेही नको त्यांनी स्वतःचा क्रिस्टल असलेला यूएसबी-टू-आय-टू-एस बोर्ड घ्यावा. पण बोर्डाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे त्यात जातात, आणि आमच्या कार्डावर सुराच्या दोन्ही बाजूंना काहीही दिसत नाही.

७ डिसेंबर

हमचा शोध. पाय चार्जरवरून काढून पॉवर बँकेवर लावला. ५० हर्ट्झची रेघ गायब. संशय चार्जरवरच होता, आता खात्री.

दोन पिनांच्या चार्जरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीला जोडणारा छोटा वाय-कॅपॅसिटर असतो. त्यातून थोडा प्रवाह सतत गळतो. चार्जरची उणे तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी मायक्रोअँपियरवर लावला: सुमारे ६० मायक्रोअँपियर. हा प्रवाह पायच्या ग्राउंडमधून बोर्डात, बोर्डातून आरसीए तारेच्या जाळीने अँप्लिफायरमध्ये आणि तिथून अर्थिंगला जातो. जाळी आणि दोन टोकांचे सॉकेट मिळून ०.८ ओहम निघाले. ६० गुणिले ०.८, म्हणजे ४८ मायक्रोव्होल्ट. आकडा क्षुल्लक वाटतो, पण जुन्या अँप्लिफायरच्या ऑक्स इनपुटला २०० मिलिव्होल्टच पुरतात. त्या मानाने हम फक्त ७२ डेसिबल खाली येतो, आणि रात्री स्पीकरला कान लावला की ऐकू येतो.

म्हणून आधी स्वस्त उपाय: सॉकेट आयपीए (अल्कोहोल) आणि बारीक ब्रशने साफ, पातळ फुकटातली तार टाकून दाट जाळीची तार. ०.८ चे ०.१५ ओहम झाले, रेघ तेवढ्याच पटीत खाली, साधारण १४ डेसिबल. बोर्डावर एक पैसाही खर्च न करता. लोक डॅक बदलतात तेव्हा बहुधा तारही नवी येते, आणि श्रेय डॅकला जाते.

८ डिसेंबर

पेटी. सियागंजातून पत्र्याची पेटी, पितळी बोल्ट, तीन पिनांचे सॉकेट. पायसाठी चार्जरऐवजी अर्थिंगचे टोक असलेला ५ व्होल्ट ३ अँपियरचा पत्र्याच्या आवरणातला एसएमपीएस (स्विचिंग वीजपुरवठा). यात गळतीचे कॅपॅसिटर अर्थिंगकडे जातात. पण विकत घेतल्यावर मोजून घ्यावे. काही स्वस्तातल्यांत प्रायमरी-सेकंडरीमधला कॅपॅसिटर तसाच असतो. आमच्या एसएमपीएसच्या उणे टोकापासून अर्थिंगला प्रवाह जेमतेम काही मायक्रोअँपियर.

घरातल्या २३० व्होल्टचे काम आहे, म्हणून क्रम सोडू नये. फेज तारेवर आधी फ्यूज, मग दोन पोलांचा स्विच. ट्रान्स्फॉर्मरच्या वाटेला २५० मिलिअँपियर स्लो ब्लो, एसएमपीएसच्या वाटेला वेगळा १ अँपियर. अर्थिंगची हिरवी तार स्वतंत्र बोल्टवर, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून; हा बोल्ट दुसऱ्या कशालाही धरून ठेवायला वापरू नये. २३० च्या सगळ्या उघड्या टोकांवर स्लीव्ह. ट्रान्स्फॉर्मर एका टोकाला, डॅक बोर्ड दुसऱ्या टोकाला. त्यांच्यामध्ये १५ सेंटीमीटर ठेवल्यावर ट्रान्स्फॉर्मर फिरवून पाहिला तरी ५० हर्ट्झची रेघ बदलत नव्हती, जवळ असताना बदलत होती.

अँप्लिफायरही अर्थ केलेला आणि आता डॅकची पेटीही. दोन वाटांनी अर्थिंग म्हणजे लूप आलाच. आरसीए सॉकेट प्लास्टिकच्या बुशने पेटीपासून वेगळे ठेवले आणि सिग्नल ग्राउंड पेटीला एकाच जागी जोडले, तेही १० ओहममधून. त्या १० ओहमला समांतर ३५ अँपियरचा ब्रिज रेक्टिफायर, अधिक आणि उणे टोके आपसात जोडून, आणि १०० नॅनोफॅरड. रोजच्या वापरात लूपच्या प्रवाहाला १० ओहम आडवे येतात. आत कधी फेज ग्राउंडला टेकली तर ब्रिज वाहू लागतो आणि फ्यूज उडतो. ब्रिजऐवजी १एन४००७ लावू नये, फ्यूज उडेपर्यंत तो टिकेलच असे नाही. आणि हम घालवण्यासाठी अर्थिंगची पिनच कापण्याचा जो 'उपाय' सगळीकडे सांगितला जातो, तो करणाऱ्याच्या हाताला पेटीचा पत्रा लागणार आहे.

१४ डिसेंबर

पातळी. कानाला सगळ्यात जास्त फरक इथे कळला, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

२.१ व्होल्ट आणि २०० मिलिव्होल्टवर भरणारे इनपुट. परिणाम असा की व्हॉल्यूमची कळ सुरुवातीच्या चतुर्थांशातच राहते. कार्बनच्या जुन्या दुहेरी पॉटमध्ये (कळीमागच्या बदलत्या रेझिस्टरमध्ये) तिथेच दोन्ही बाजू सर्वांत जास्त फटकून असतात. हळू आवाजात गायक मधून डावीकडे सरकतो, आणि दोष डॅकच्या 'स्टेजिंग'ला दिला जातो.

उपाय दोन रेझिस्टर, प्रत्येक चॅनेलला: सरीत २.२ किलोओहम, मग ग्राउंडला १ किलोओहम. बोर्डावर आधीच सरीत ४७० ओहम आहेत, ते धरून भागाकार १ भागिले ३.६७, म्हणजे ११.३ डेसिबल कमी. अँप्लिफायरला ०.५७ व्होल्ट मिळतात. चिपवर भार ३ किलोओहमच्या वर, डेटाशीटची किमान मर्यादा १ किलोओहम आहे. कळ आता मध्याच्या जवळ येते आणि गायक मधोमध.

हे रेझिस्टर अँप्लिफायरच्या टोकाला लावायचे, डॅकच्या नाही. डॅकच्या टोकाला लावले तर सिग्नल कमी होतो, पण तारेच्या जाळीवर तयार होणारा हम त्यानंतर मिळतो, पूर्ण ताकदीने. अँप्लिफायरच्या टोकाला लावले तर सिग्नल आणि हम दोन्ही एकाच पट्टीने कापले जातात. आम्ही ते आरसीए प्लगच्या आतच बसवले, पाव वॅटचे नीट मावतात. टी-जोडावर पाहिले: ५० हर्ट्झची उरलेली रेघ आणखी सुमारे ११ डेसिबल खाली. सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमी करून हे साधत नाही. तिथे सिग्नल खाली जातो आणि नॉइज जागेवर राहतो.

१५ डिसेंबर

बाकीचे, थोडक्यात.

अनालॉग ३.३ व्होल्टसाठी एलपी५९०७ हा कमी नॉइजचा रेग्युलेटर वापरून पाहिला. तो ऑनलाइन मागवावा लागला. पाच पायांचा आहे, बोर्डावरच्या तीन पायांच्या जागी बसत नाही, म्हणून नखाएवढ्या वेगळ्या बोर्डावर बसवून आउटपुट ए३व्ही३ ला दिले. बोर्डावरचा मूळ अनालॉग रेग्युलेटर आधी काढावा. दोन रेग्युलेटरची आउटपुटे एकत्र बांधू नयेत. इनपुटला ५.५ व्होल्टची मर्यादा आहे, म्हणजे ५ व्होल्टच्या नंतरच, कच्च्या ११ वर नाही. आउटपुटला १ ते १० मायक्रोफॅरड सिरॅमिक, बोर्डावरचे आधीचे धरून. इथे 'जास्त म्हणजे चांगले' म्हणून हजार मायक्रोफॅरड लावू नये, रेग्युलेटरची स्थिरता त्याच मर्यादेत ठरवलेली असते. नॉइज कागदावर खूप कमी, ६.५ मायक्रोव्होल्ट. मोजमापात फरक शून्य, ऐकण्यातही. बसवला आहे म्हणून राहू दिला. नव्याने करणाऱ्याने ही पायरी खुशाल वगळावी.

आउटपुटच्या ४७० ओहम आणि २.२ नॅनोफॅरड फिल्टरची कोपरा-वारंवारता १५४ किलोहर्ट्झ येते. हे कॅपॅसिटर एनपी० प्रकारचे हवेत अशी चर्चा आहे, आणि तत्त्व बरोबर आहे: एक्स७आर प्रकारची धारकता व्होल्टेजबरोबर बदलते. पण १ किलोहर्ट्झला त्याचा अवरोध ७२ किलोओहम, समोर ४७० ओहम. त्याने काही बिघडवले तर ते वरच्या टोकाला. त्यासाठी योग्य चाचणी १९ आणि २० किलोहर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजवून १ किलोहर्ट्झला काही उगवते का पाहणे. काही उगवले नाही. कॅपॅसिटर तसेच ठेवले.

चार्ज पंपाचे २.२ मायक्रोफॅरड आणि एलडीओओ (चिपच्या आतल्या रेग्युलेटरच्या) पिनेवरचा कॅपॅसिटर यांना हात लावू नये. ते चिपला चिकटून आहेत तेच त्यांचे काम. लांब पायांचा फॅन्सी कॅपॅसिटर तिथे लावला तर पंपाचा आवाज वाढतो. एफएलटी पट्टी एचकडे केली तर कमी विलंबाचा फिल्टर येतो. संगीत ऐकायला उपयोग नाही, व्हिडिओसाठीही आमच्या साखळीत फरक पडला नाही. परत एलकडे.

२१ डिसेंबर

ऐकून तुलना. दोन्ही बोर्ड एकाच पायच्या तारांवर समांतर, अँप्लिफायरपाशी स्विच, कोणते वाजते हे ऐकणाऱ्याला माहीत नाही. पातळी जुळवायला २०० हर्ट्झचा सूर वापरला, कारण साध्या मल्टिमीटरचे एसी वाचन ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसते. ०.१ डेसिबलच्या आत जुळवले. अर्धा डेसिबल जास्त असलेला बोर्ड लोक 'मोकळा' म्हणून हमखास निवडतात.

आमच्या शहरात उस्ताद अमीर खाँचे अतिविलंबित लावणे ओघानेच येते, आणि झूमरा तालातल्या लांब मोकळ्या जागा नॉइज ऐकायला सोयीच्याही आहेत. मात्र रेडिओच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत हम आणि टेपची सळसळ मूळचीच असते. फाइलच आधी स्पेक्ट्रमवर टाकून ५० हर्ट्झ तपासावे, नाहीतर आकाशवाणीचा हम आपल्या बोर्डात शोधत बसाल. चाचणीसाठी शेवटी अलीकडचे डिजिटल ध्वनिमुद्रणातले तंबोरे आणि संतूर वापरले.

निकाल: मूळ मांडणी चार्जर आणि पातळ तारेसह, विरुद्ध पूर्ण केलेली पेटी, हा फरक न चुकता ओळखला जातो, तंबोऱ्याच्या झणकारामागची घरघर गेलेली असते. पण दोन्ही बोर्ड त्याच पेटीत, त्याच सप्लायवर, त्याच प्लगमधून वाजवले तर एलपी५९०७ असलेला कोणता हे कुणालाही सांगता आले नाही.

२२ डिसेंबर

तुलनेचा बोर्ड मोकळा झाला. तो आता टीव्हीच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या पायला लावणार. त्याला फक्त ट्रान्स्फॉर्मरचा सप्लाय, ७ सेंटीमीटरच्या तारा आणि प्लगमधले रेझिस्टर. पेटीच्या झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवली: एलएम३१७ आउटपुट ४.९८, ए३व्ही३ ३.३०, दोन्ही आउटपुटवर डीसी २ मिलिव्होल्टच्या आत, फ्यूज २५० मिलिअँपियर आणि १ अँपियर. डीसी कधी शेकडो मिलिव्होल्टांत दिसले तर चार्ज पंपाचे उणे ३.३ व्होल्ट आधी पाहायचे, चिपच्या ५ क्रमांकाच्या पिनेवर.